मेंढीच्या दुधावरचा कुत्रा

पाट साफ करायच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येतो. हिवाळाभर साठलेला गाळ, पालापाचोळा, वाहून आलेली झुडपं, कुणाचा तरी एका पायाचा बूट, सगळं उपसून काठावर टाकायचं. पाटकऱ्यानं शेवटच्या टोकापर्यंत चालत जाऊन मान डोलावली की रविवारच्या प्रार्थनेनंतर बंधाऱ्यावरून पाणी सोडायचं. त्या बुधवारी आमच्या घरातून माझा नवरा बेनेरितो गेला होता. त्याच्या उजव्या खुब्यात दोन वर्षांपासून कळ आहे. भाच्याला पाठव म्हटलं, तर म्हणाला, मग मी काय घरी बसून तुझी चूल फुंकू? साठी उलटलेल्या पुरुषाशी वाद घालण्यापेक्षा खेचराशी घातलेला बरा.

दुपारी मी जेवण घेऊन गेले. तॉर्तियाच्या पातळ भाकऱ्या, शिजवलेला घेवडा, लाल मिरचीतलं मटण. वारा असा सुटला होता की डोळ्यांत माती जाऊन सगळ्यांचे डोळे रडल्यासारखे लाल झाले होते. माणसं पाटातून वर चढून काठावर टेकत होती. बेनेरितोनं पहिला घास घेतला आणि त्रांकिलिनो आमच्या समोर येऊन उभा राहिला.

त्रांकिलिनो आमचा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. आमच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातावर घेतलं होतं, म्हणून तो आणि बेनेरितो एकमेकांचे कोंपाद्रे, आणि मी त्याची कोमाद्रे. लहानपणी दोघं एका गाढवावरून हिंडलेले, एकमेकांना शेलक्या शिव्या घातलेले. पण कोंपाद्रे झाल्या दिवसापासून 'तुम्ही'. या नात्यात अरे-तुरे चालत नाही, भांडतानासुद्धा नाही.

"कोंपाद्रे, तुम्ही जेवताय, पण बोलतोच. माझी पाच कोकरं गेली."

"ऐकलं. कोयोट माजलेत यंदा," बेनेरितो म्हणाला. कोयोट म्हणजे आमच्या डोंगरातला लांडग्याहून लहान रानकुत्रा.

"कोयोट नाय. तुमचा कुत्रा."

आजूबाजूचे चमचे थांबले. बेनेरितोच्या हातातली तॉर्तिया हातातच राहिली.

"बोर्रेगो?" मीच विचारलं.

"कोमाद्रे, माझ्या डोळ्यांनी बघितलं. सोमवारी पहाटे. कोकरू मरून पडलेलं, आणि हा तिथनं दहा पावलांवर. तोंड रक्तानं भरलेलं. मला बघून पळालाही नाय. वर शेपटी हलवली."

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसणं बेनेरितोच्या मानेवर चढताना मला दिसलं, कॉलरपासून कानापर्यंत. ज्या कुत्र्याला कोकराची चटक लागली त्याला त्याच्या मालकानंच गोळी घालायची, शेजाऱ्यावर ती वेळ आणायची नाही, हा आमच्या खोऱ्यातला रिवाज. तो कुणाला सांगावा लागत नाही. पंचवीस माणसं फावडी मांडीवर ठेवून, माझ्या नवऱ्याकडे न बघता, त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"रविवारच्या आत," बेनेरितो म्हणाला. "पाणी सुटायच्या आत."

मग तो न जेवता उठला, फावडं टेकत पाटात उतरला आणि एकटाच गाळ उपसायला लागला. मी भांडी गोळा केली. एवढी चीड मला आयुष्यात क्वचितच आली असेल, आणि ती नेमकी कुणावर काढावी तेही कळेना.

संध्याकाळी त्यानं बोर्रेगोला गोठ्याच्या खांबाला बांधलं. त्या कुत्र्याच्या गळ्यात त्याआधी कधी दोरी पडली नव्हती. तो दोरीकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग कुंपण घातलेल्या वाडग्यातल्या मेंढरांकडे.

बोर्रेगो म्हणजे मेंढरू. असं नाव ठेवलं, कारण तो मेंढरूच आहे. डोळे उघडायच्या आत त्याला आईपासून तोडून आणलं होतं. आमच्या एका काळतोंड्या मेंढीला नुकतंच कोकरू झालेलं. त्या कोकरामागून पडलेल्या वारेनं पिल्लाला चोळलं, की त्याला तिचा वास लागावा, आणि तिला लावलं. पहिले तीन दिवस तिनं लाथा झाडल्या. मी तिचा मागचा पाय धरून बसायचे, दिवसातून सहा वेळा. चौथ्या दिवशी तिनं वळून त्याचं बूड हुंगलं आणि उभी राहिली. असा वाढलेला कुत्रा घरात येत नाही, माणसाच्या मागे लागत नाही. मेंढरांत झोपतो, मेंढरांत उठतो, कुठली व्यायला झाली की तिच्याजवळ जाऊन बसतो. आमच्या खोऱ्यात राखणीचे कुत्रे आमच्या पणज्यापासून असेच करतात.

"तू चारचौघांत बोलून बसलास," मी चुलीपाशी म्हटलं. "मला एका शब्दानं विचारलंस?"

"तोंडाला रक्त होतं, नेस्तोरा."

"व्यालेल्या मेंढीपाशी बसतो तो. वार खातो. तोंडाला काय दूध लागणार?"

"आपल्या मेंढ्यांपाशी बसतो. त्यांच्या मेंढ्या त्याच्या कोण लागतात?"

त्यानं बूट काढले, दुखरा पाय बाकावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याला रस्सा वाढला, पण गरम करून नाही वाढला.

गुरुवारी सकाळी मी त्रांकिलिनोच्या घरी गेले. तो शेतावर होता. त्याची बायको ओलोहिया अंगणात एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. ओलोहिया कमी बोलते. ते तिच्या नवऱ्यामुळे झालं की मुळातच आहे, ते मला कळलेलं नाही.

"मेलेलं कोकरू कुठंय?" मी विचारलं.

"कावळ्यांनी खाल्लं."

"काहीच नाय उरलं?"

तिनं हनुवटीनं वाडग्याकडे खूण केली. तिथे एक मेंढी होती आणि तिला पीत असलेलं कोकरू, अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं बांधलेलं. कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून एखाद्या पोरक्याला घालायचं, मग मेंढी आपल्या पोराचा वास आला म्हणून त्याला पाजते. हे आम्ही सगळेच करतो. सोमवारच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्या पोरक्याच्या अंगावर चालतंबोलतं समोर उभं होतं.

मी वाडग्यात शिरले. कोकरू हाती लागेना. ओलोहियानं परकराचा ओचा खोचला आणि दुसऱ्या बाजूनं आली. दोन बायांनी मिळून त्याला कोपऱ्यात घेतलं, तेव्हा माझा गुडघा लेंड्यांत रुतला होता. कातडं घाईत मानेसकट सोललेलं होतं, म्हणून गळा बघायला मिळाला. गळ्याखालची लोकर मी बोटांनी बाजूला केली. चार भोकं. दोन या बाजूला, दोन त्या. बाकी कातड्यावर एकही ओरखडा नाही. मागच्या पायांवर नाही, कानांवर नाही.

"कुत्रा मागनं धरतो," मी म्हटलं. "ढुंगण फाडतो, कान फाडतो, खेळल्यासारखं करतो. गळ्याखाली एकदाच धरून, जीव जाईपर्यंत न सोडणं, हे कोयोटचं काम." माझे वडील तीस उन्हाळे डोंगरावर मेंढरांमागे होते. मला जे येतं ते त्यांच्याकडून.

मी दोन भोकांमधलं अंतर बोटांनी मोजलं. दोन बोटं. ओलोहियानंही मोजलं. मग आम्ही दोघी माझ्या घरी गेलो. बोर्रेगो खांबाला बांधलेला होता. मी त्याचा जबडा उघडला आणि त्यानं निमूट उघडू दिला. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत तीन बोटं, वर थोडी जागा. ओलोहियानं तिथेही मोजलं, हात परकराला पुसला आणि "सांगते" एवढंच म्हणाली.

दुपारी त्रांकिलिनो कुंपणापाशी आला.

"कोमाद्रे, कातडं वाळलं की आक्रसतं."

"चार दिवसांत बोटभर आक्रसतं का?"

"कुत्रा बांधल्यापासून माझं एक कोकरू गेलं नाय. हे बघा ना."

"बुधवारपासून तुम्ही रात्री मेंढरं वाडग्यात कोंडताय. कशी जातील?"

तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. त्रांकिलिनो वाईट माणूस नाही. एकदा तोंडातून गेलेला शब्द परत गिळायचा म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडते, इतकंच. तो टोपी घालून निघून गेला.

शुक्रवारी बेनेरितो न्याहारी झाल्याबरोबर मागच्या शेडकडे गेला. गुरुवारीही तसाच गेला होता. कसलं काम, विचारलं, तर म्हणाला, फाटक मोडलंय. मी मनात म्हटलं, कुत्र्याचा जीव टांगणीला लागलाय आणि हा फाटक दुरुस्त करतोय. मी शाल डोक्यावरून घेतली आणि पाटाच्या काठानं चालत निघाले.

साफ केलेल्या पाटाच्या तळाला ओल असते. पाणी सुटेपर्यंतच्या त्या तीनचार दिवसांत त्यात जे चालून जाईल त्याची खूण उमटते. आमच्या दोघांच्या कुंपणाखालून पाट जातो, तिथून पुढे ठसे लागले. निमुळते, मधल्या दोन नखांचे टोक पुढे आलेले, मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशात, एका ओळीत. कुत्रा असा चालत नाही. कुत्र्याला वेळ असतो, तो इकडेतिकडे फिरतो. हा पाटाच्या खोलगटातून अंग लपवून सरळ त्रांकिलिनोच्या खालच्या कुरणापर्यंत गेला होता, काठावर चढून थांबला होता आणि आल्या वाटेनं परतला होता. कोंडलेली मेंढरं बघायला रोज येत होता म्हणायचं. कोयोट घराजवळ येतो तो भूक लागली म्हणून नाही. सगळ्यांच्या उठण्याबसण्याच्या वेळा पाठ करून येतो. आमच्या माणसांपैकी निम्म्यांना स्वतःच्या बायकोच्या वेळा माहीत नसतील.

समोरचा उतार मी नंतर चढले. तिथे उत्तरेच्या बाजूला बर्फ उशिरा वितळतं, चिखल होतो आणि आडोशाला तसाच वाळतो. त्या वाळलेल्या चिखलात आठवड्याभराचे ठसे होते. दुसरा कोयोट, पायानं लहान, म्हणजे मादी. ती उघड्यावर चालली होती. थोडं पळायची, थांबायची, वळायची. आणि तिच्या मागे बोर्रेगोचा मोठा पंजा, धावत्या कुत्र्याचा, मातीत खोल. अर्ध्या डोंगरापर्यंत.

मी तिथेच खाली बसले. मादी दिसेल अशी पुढे यायची, कुत्रा तिच्यामागे जायचा आणि तेवढ्यात नर पाटातून वर येऊन कोकरू उचलायचा. पिल्लं झाली की जोडीनं असं करतात. वडिलांनी सांगितलं होतं, पण मी स्वतः कधी बघितलं नव्हतं.

राहिलेला प्रश्न बेनेरितोचा. त्यांच्या मेंढ्या बोर्रेगोच्या कोण लागतात? उतरताना आमच्या सामाईक कुंपणाशी आले. सगळ्यात खालच्या तारेला पांढऱ्या केसांचे पुंजके होते, एका ठिकाणी, रोजच्या वाटेसारखे. तारेपलीकडे त्रांकिलिनोची मेंढरं चरत होती आणि त्यांच्यात एक काळ्या तोंडाची मेंढी, पोट जमिनीला टेकायला आलेलं.

गेल्या शरदात बेनेरितोनं तिला त्रांकिलिनोच्या मेंढ्याच्या बदल्यात दिलं होतं. मी म्हटलं होतं, कुत्र्याला पाजलेली मेंढी कुणी देत नाही. तो म्हणाला होता, आता काय तो पितोय? हिवाळाभर दोन्हीकडची मेंढरं कोंडलेली. वसंतात त्रांकिलिनोनं खालचं कुरण उघडलं आणि वाऱ्यावरून बोर्रेगोला आईचा वास लागला. आईपाशी गेला की तिथली जी व्यायली असेल तिचीही वार तो खाणार.

हे सगळं मी बेनेरितोला सांगितलं. तो शेडमधून आला होता, हात धुवत होता, ऐकत राहिला.

"गोष्ट चांगलीय," तो म्हणाला. "पण मी शब्द दिलाय. गोष्टीवर शब्द मागं घेता येत नाय."

"मग बघून मागं घे. उद्या पहाटे त्यांच्या अंगणात बसू. तिघं."

त्रांकिलिनोला मीच जाऊन विचारलं. तो टोपीची कड फिरवत बसला. ओलोहिया मागे चुलीपाशी होती. तिनं झाकणी जरा मोठ्यानं आपटली.

"ठीकाय," तो म्हणाला. "मेंढरं बाहेर ठेवतो. पण कोयोट नाय आला तर कुत्र्याला तिथंच, उद्याच. रविवार कशाला उजाडू द्यायचा?"

शनिवारी फटफटायच्या आधी आम्ही त्यांच्या अंगणाच्या टोकाला गवताच्या गंजीआड बसलो. वारा उताराकडून आमच्याकडे येत होता, म्हणजे आमचा वास मागे घराकडे जाणार. समोर कुरण, पलीकडे पाट, त्यापलीकडे उतार. गोळी सुटली तर डोंगरातच जाईल अशी जागा बघून घेतली. ओलोहियाला सांगितलं, खिडकीशी येऊ नको. घरात तिच्या कॉफीच्या भांड्याचा आवाज होत होता आणि तो मला नको होता, पण आता काय करणार?

दोन्ही बंदुका मांडीवर. बेनेरितो पालथ्या बादलीवर बसलेला, कारण त्याला जमिनीवर बसवत नाही. बुधवारपासून दोघांत एक शब्द झालेला नव्हता.

"कोमाद्रे," त्रांकिलिनो कुजबुजला, "कोंपाद्र्यांना सांगा, बादली वाजतीय."

"कोंपाद्र्यांना सांग," बेनेरितो म्हणाला, "बादली त्यांचीच हाय."

मी कुणाला काही सांगितलं नाही.

उजाडायला लागलं. मेंढरं करड्या गोळ्यांसारखी दिसायला लागली, मग त्यांना पाय फुटले. थंडीनं माझी बोटं वाकेनात. आणि कुंपणाच्या बाजूनं काहीतरी पांढरं आलं, खालच्या तारेखालून अंग चोरून शिरलं आणि उभं राहून अंग झाडलं. गळ्यात कुरतडलेल्या दोरीचा तुकडा.

"आला," त्रांकिलिनो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते.

बेनेरितोनं बंदूक उचलली. मी त्याच्या गालाकडे बघत होते. गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकला आणि त्याखालचा स्नायू उडत होता. मी नळीवर तळहात ठेवला.

"हात काढ, नेस्तोरा."

"शंभर मोजते. मग मार."

"हात काढ."

"एक," मी म्हटलं. "दोन."

त्यानं हात झटकला नाही. मी मोजत राहिले. पंधरापर्यंत बोर्रेगो मेंढरांत शिरला होता. एकही मेंढी दचकली नाही. वीस, पंचवीस. तो कोकरांच्या बाजूनं गेला, एकानं त्याच्या पायात धडक मारली, तो वळसा घालून पुढे गेला. चाळिसाला तो काळतोंडीपाशी पोचला. ती बाकीच्यांपासून जरा लांब आडवी झाली होती, पाय ताणून. तो तिच्या डोक्याशी बसला. मी आकडे विसरले.

ती व्यायली तेव्हा पुरतं उजाडलं होतं. आधी एक, मग दुसरं. ती चाटत होती आणि तो पलीकडून दुसऱ्याला चाटत होता. वार पडली, ती त्यानं खाल्ली. मान वर केली तेव्हा त्याचं तोंड डोळ्यांपर्यंत लाल होतं. दोन ओली कोकरं त्याच्या पुढच्या पायांत धडपडत होती आणि तो त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून अवघडून उभा होता.

बेनेरितोनं बंदूक खाली घेतली आणि बाहीनं नाक पुसलं.

"थंडीय," तो म्हणाला.

मी उताराकडे बघत होते, म्हणून मला आधी दिसली. मादी. दोनशे पावलांवर, उघड्यावर, ऊन पडलेल्या जागी उभी. बारीक तोंड, मोठे कान, आचळं सुटलेली. बोर्रेगोनं तिला बघितलं आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. तो निघाला. ती थोडी पळाली, थांबली, वळून बघितलं.

दोघांच्याही बंदुका तिच्याकडे वळल्या.

"तिच्याकडं बघू नका," मी म्हटलं. "पाटाकडं बघा."

"कुठं?"

"कुंपणाच्या खांबाच्या डाव्या अंगाला. थांबा."

बोर्रेगो उताराला लागला. कुरणात काळतोंडी दोन ओल्या कोकरांसह एकटी. पाटाच्या काठावर दोन कान आले, मग कपाळ, मग अख्खा नर काठावर चढला. कुत्रा किती लांब गेला ते त्यानं एकदा बघून घेतलं आणि पोट खाली घालून दुडक्या चालीनं निघाला, सरळ कोकरांकडे. त्रांकिलिनोची नळी त्याच्यामागे सरकत होती, पण ठरत नव्हती. माणूस साठी उलटलेला, नजर पूर्वीची नाही, आणि चालत्या जनावरामागे मेंढी होती.

मी मुठीच्या मागच्या बाजूला ओठ लावले आणि हवा आत ओढली. उंदराची चीं निघते त्यातून. वडील असंच करायचे. नर थांबला. पाय उचललेला तसाच ठेवून आमच्या गंजीकडे बघायला लागला.

त्रांकिलिनोनं गोळी झाडली. नर एका कुशीवर पडला आणि पुन्हा उठला नाही. मेंढरं एका बाजूला पळाली, ओलोहियाच्या खुराड्यात गोंधळ उडाला. उतारावर मादी तशीच उभी होती. बोर्रेगो आवाजाबरोबर उलटा फिरून मेंढीकडे धावत सुटला, तरी ती उभी होती. मग झुडपांत शिरली. तिला कुठेतरी पिल्लं असतील. एकटी आहे, तर आता उंदीर-सशांवर भागवेल, मेंढरांपाशी यायची नाही. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि माझ्या कुत्र्यासाठी बरं वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

त्रांकिलिनो नरापाशी जाऊन गुडघ्यावर बसला. त्यानं त्याचा ओठ वर केला, सुळ्यांमध्ये बोटं ठेवली. पुन्हा ठेवली. दोन. कातडं आक्रसतं, पण कोयोटचा जबडा काही आक्रसत नाही. तो उठला तेव्हा त्याचे गुडघे ओले झाले होते.

"कोंपाद्रे," तो म्हणाला. मधे मी होते, पण या वेळी त्यानं मला सांगायला सांगितलं नाही. "उद्या पाणी सुटलं की पहिली पाळी माझी हाय. ती तुम्ही घ्या."

"माझ्याकडं पाण्याला काय कमी?"

"घ्या म्हणतोय ना. आणि बोललो मी चारचौघांत, फिरवीनही चारचौघांत. पाटावरच."

बेनेरितो मेंढीकडे बघत होता. "ती काळतोंडी परत द्या. तुमचा मेंढा देतो."

त्रांकिलिनोनं टोपी घातली. "मेंढी नाय देत."

"का?"

"मेंढी इथं, तर कुत्रा इथं. फुकटची राखण कोण सोडंल? तुमच्याकडंही करंल, माझ्याकडंही करंल. खालच्या तारेला मी काठी लावून ठेवतो, म्हंजे त्याची पाठ सोलणार नाय."

बेनेरितो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि अगदी नको असताना हसला, खोकल्यासारखा. ओलोहिया कॉफी घेऊन आली. आम्ही चौघं गंजीला टेकून ती प्यायलो. माझ्या पेल्यातली कॉफी परकरावर सांडली. ओलोहियानं माझ्या हातातला पेला काढून घेतला, अर्धा ओतला आणि परत दिला.

घरी आल्यावर मी पीठ मळलं, मिरची तव्यावर टाकली. बेनेरितो आला नाही. हाक मारली, ओ नाही. शेडकडे फावड्याचा आवाज येत होता, म्हणून मी मागे गेले.

शेडच्या मागे, जरदाळूच्या झाडाखाली, एक खड्डा होता. मांडीभर खोल, मोठ्या कुत्र्याएवढा लांब. कडेला दगड नीट रचून ठेवले होते. आमची जमीन कसली आहे ती मला माहीत आहे. एक एक दगड कुदळीनं उचकटावा लागतो, आणि तो माणूस दुखऱ्या खुब्यानं दोन दिवस तिथे खपत होता. फाटक मोडलंच नव्हतं. आता तो फावड्यानं माती परत लोटत होता, घाईघाईनं, मी यायच्या आत संपवायचं म्हणून.

खड्ड्याच्या तळाला लोकर अंथरलेली होती. गेल्या कातरणीतली सगळ्यात चांगली, पांढरी, जी मी थोरल्याच्या गादीसाठी बाजूला काढून ठेवली होती. एका कडेवर माती पडली होती, बाकीची तशीच होती.

"तू कशाला आलीस?" तो म्हणाला. वर बघत नव्हता. "तवा करपंल."

"करपू दे."

चार दिवस मी या माणसाला थंड रस्सा वाढला होता आणि मनात काय काय म्हटलं होतं. ते सगळं तिथे उभ्या उभ्या माझ्या अंगातून उतरून गेलं. मी खड्ड्यात उतरले, लोकर गोळा केली, वर येऊन झटकली. माती उडाली आणि आम्ही दोघंही खोकलो.

"धुऊन घेते," मी म्हटलं. "चांगलीय अजून."

"घे," बेनेरितो म्हणाला.

मी लोकर काखेत धरली आणि दुसऱ्या हातानं कडेचे दगड त्याच्या पुढ्यात ढकलत राहिले. खड्डा भरत आला तशी त्यानं माती पायानं दाबली, आधी बऱ्या पायानं, मग दुखऱ्यानंही.